हा कोणाचा दोष?



लग्नाची नावे नोंदवायला मागच्या महिन्यात एक जोडपे आमच्याकडे आले. बाप्तिस्म्याचे दाखले, विवाहपूर्व शिबिराचे प्रमाणपत्र, सगळी कागदपत्रे व्यवस्थित होती. उठता उठता मुलीने पर्समधून तपासणीचे कार्ड काढून टेबलावर ठेवले. मग मुलानेही आपले ठेवले. दोघेही सिकलसेलचे वाहक. "फादर, आता तुम्हीच सांगा," एवढेच ती म्हणाली. त्या दोघांच्या परवानगीने आम्ही हे लिहीत आहोत, कारण हा प्रश्न आज त्यांचा आहे आणि उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरचा असू शकतो.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा शब्द आता नवा राहिलेला नाही, पण त्याविषयी समज कमी आणि कुजबुज जास्त आहे. रक्तातील तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे, पोट, छाती असह्य दुखते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी त्याच्या निम्मेही जगत नाही. अमेरिकेतील शिकागो येथे डॉ. हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार आढळला आणि त्याच दशकात नागपूरच्या डॉक्टरांनी आपल्या भागातही त्याची नोंद केली. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळापासून तो वैद्यकाला ठाऊक आहे.

हा संसर्गाने होत नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही अंश आले तरच मूल आजारी होते. एकच अंश आला तर ते वाहक असते, आणि वाहक सर्वसाधारणपणे ठणठणीत आयुष्य जगतो. एक वाहक आणि एक निर्दोष अशा जोडप्याला सिकलसेलचे आजारी मूल होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मुलाची शक्यता चारांत एक असते. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तिन्ही धडधाकट, असा हिशेब पुष्कळ जण करतात. तो चुकीचा आहे. दर वेळी शक्यता तेवढीच असते.

म्हणजे मूल आजारी असेल तर आई आणि बाप दोघांचा वाटा सारखा. पण आपल्या घरांत बोट कोणाकडे जाते ते आपण जाणतो. सुनेकडे. तिच्या माहेराकडे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते की पाप याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने तो प्रश्नच नाकारला. दोन हजार वर्षे आपण ते शुभवर्तमान ऐकत आहोत आणि आजही तोच प्रश्न विचारत आहोत, फक्त शिष्यांनी निदान आई आणि बाप दोघांचे नाव घेतले होते.

या बाबतीत आम्हीही निर्दोष नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात एक मुलगा प्रार्थनेला उभे राहिला की पाय दुखतात म्हणून खाली बसायचा. आम्ही सर्वांदेखत त्याला विचारले, "क्रिकेट खेळताना दुखत नाहीत का?" मुले हसली. तोही हसला. नाताळच्या गाण्यांच्या फेरीत आम्ही त्याला रात्री अकरापर्यंत थंडीत हिंडवले आणि दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात होता. आई उशाशी बसली होती. तिला दोन वर्षांपासून ठाऊक होते. आधी का नाही सांगितले, असे विचारल्यावर ती हळूच म्हणाली, "फादर, मोठीचे लग्न व्हायचे आहे ना."

सेमिनरीत आम्ही शिकलो होतो की दुष्टतेला स्वतःचे अस्तित्व नाही, जे चांगले असायला हवे त्याचा अभाव म्हणजे दुष्टता. संत ऑगस्टीन आणि संत थॉमस यांचे हे म्हणणे आम्हाला आजही पटते. त्या खाटेजवळ मात्र त्यातले एकही वाक्य उपयोगी पडले नाही. त्या मुलाच्या रक्ताचे दुखणे एक होते आणि त्याच्या आईच्या तोंडाला लागलेले कुलूप दुसरे. पहिले निसर्गातून आले आहे. खरे तर तोच एक अंश वाहकाला तीव्र मलेरियापासून बऱ्याच अंशी वाचवतो, हे डॉ. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. आपल्या जंगलपट्टीतले कितीतरी पूर्वज कदाचित त्यामुळेच तगले असतील. कुलूप मात्र आपण लावले आहे.

सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. काम चांगले आहे आणि तपासणी प्रत्येकाने करून घ्यावी असे आम्ही आग्रहाने सांगतो. पण 'निर्मूलन' हा शब्द तिसऱ्या बाकावर बसलेल्या त्या मुलाच्या कानांनी ऐकून पाहा. मूळ उपटायचे ते कशाचे?

केवळ माहिती दिल्याने माणसे शहाणी होतात असेही नाही. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावी १९६० च्या दशकात संशोधकांनी गावकऱ्यांचे रक्त तपासून कोण वाहक ते सांगितले. तिथेही लग्ने ठरवूनच होत. काही वर्षांनी पाहिले तर वाहक-वाहक विवाह कमी झाले नव्हते. उलट वाहकांना कलंक चिकटला होता आणि काहींनी आपला निकाल लपवला होता. अमेरिकेत १९७० च्या दशकात काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, तेव्हा धडधाकट वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारला गेला.

मग त्या जोडप्याला काय सांगायचे? सिकलसेल हा विवाहाचा अडथळा नाही. ज्यांना कायद्याने मनाई नाही त्या सर्वांना विवाहाचा हक्क आहे असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे १०५८ वे कलम सांगते आणि तो हक्क रक्ताच्या अहवालावरून कोणी हिरावू शकत नाही, आम्हीही नाही. (लपवणे मात्र वेगळे. संसारात गंभीर बाधा आणणारी गोष्ट कपटाने लपवून संमती मिळवली तर १०९८ व्या कलमानुसार विवाहच अवैध ठरू शकतो. सासरच्यांना सांगू नका असा सल्ला देणाऱ्या मावश्यांनी हे ध्यानात ठेवावे.) दोघांनी सर्व जाणून, शांतपणे विचार करून लग्न न करण्याचे ठरवले तर तेही पाप नाही. लग्न केले आणि गंभीर कारणास्तव नैसर्गिक मार्गाने मूल होऊ न देण्याचे ठरवले, तर पोप पॉल सहावे यांनी १९६८ च्या परिपत्रकात त्याला वाट ठेवली आहे. ती दुसऱ्याच्या मुलाला आपले म्हणू शकतात. किंवा चारांत एक ही शक्यता उघड्या डोळ्यांनी पत्करू शकतात. निवड त्यांची आहे.

डॉक्टर त्यांना गर्भातच तपासणी सुचवतील आणि मूल आजारी निघाल्यास गर्भपातही. त्याला आपण नाही म्हणतो, कारण आजार नको असणे आणि आजारी मूल नको असणे या दोन गोष्टी आपण एक मानत नाही. पण इथे आमचे मन आम्हाला टोचते. व्यासपीठावरून नाही म्हणायला काहीच खर्च येत नाही. ते मूल जन्मल्यावर मध्यरात्री त्याला ताप चढतो, तेव्हा ती आई एकटीच असते.

आणि करण्यासारखे पुष्कळ आहे. जमैकातील किंग्स्टन येथे १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजात बाळांची तपासणी झाली. डॉ. ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील सिकलसेलच्या बाळांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. लहान मुलांत प्लीहा एकाएकी फुगून तीत रक्त साचते आणि मूल काही तासांत दगावते. त्यांनी आयांना बाळाच्या पोटावर हात ठेवून प्लीहा चाचपायला शिकवले. आया मुलांना वेळेवर आणू लागल्या आणि त्या कारणाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. यंत्र कोणतेच नव्हते, आईचा हात होता. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तान्ह्या मुलांना दिवसातून दोनदा पेनिसिलिन दिल्याने घातक संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. जनुकात दुरुस्ती करणारा उपचारही २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. त्यात रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी सुधारतात, भ्रूणाचा नाश होत नाही, त्यामुळे ख्रिस्तसभेला तत्त्वतः हरकत नाही. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठरली. असो. आपल्याला आज हवी आहे ती गोळी, लस, भरपूर पाणी, थंडीत स्वेटर, आणि ताप आला की सकाळची वाट न पाहणारा कोणीतरी.

ते जोडपे येत्या गुरुवारी पुन्हा येणार आहे. वरील सगळे आम्ही त्यांना सांगू. पण मुलगी नक्की विचारेल, "फादर, मूल आजारी झाले तर?" तेव्हा हातात काही असावे म्हणून आम्ही एक वही संस्कारगृहात ठेवली आहे. ज्यांच्याकडे वाहन आहे आणि जे रात्री फोन उचलतील त्यांनी आपले नाव आणि क्रमांक लिहावा, रक्त देऊ शकणाऱ्यांनी रक्तगटही लिहावा. आतापर्यंत पाच नावे आली आहेत. पाचही मोटारसायकलवाले आहेत, त्यांत आम्ही एक, आणि तापाने फणफणलेल्या या मुलांना थंडीच्या रात्री मोटारसायकलवरून नेता येत नाही. चारचाकी असलेली निदान आठ कुटुंबे आपल्या धर्मग्रामात आहेत. वही आजच्या दुसऱ्या मिस्सानंतरही तिथेच असेल.