गाण्याचें मोल आणि ऐकणाराचें देणें

वसई-दिवा लोहमार्गावर खारबाव हें एक लहानसें स्थानक आहे. भिवंडी तालुक्याच्या या भागांतील आगरी समाजांत लग्नघरीं धवले गाण्यासाठीं धवलारीण बोलाविण्याची जुनी चाल आहे. मांडवापासून हळदीपर्यंत विधीविधीला तिचें गाणें लागतें. कित्येक घरीं तर पूर्वीं लग्न लावण्याचें कामहि तीच करी. महदंबेनें तेराव्या शतकांत रचिलेले धवळे आमच्या वाङ्मयाच्या इतिहासांत मानानें नोंदले गेले आहेत. त्याच नांवाचें गाणें जिच्या मुखीं आजहि आहे, तिला काय द्यावें याचा विचार मात्र लग्नाच्या यजमानाखेरीज कोणी करीत नाहीं. यजमान लुगडें देतो, बिदागी देतो. कोणाचें गाणें ऐकिलें हें तो जाणतो, आणि कोणाच्या घरीं गाइलें हें ती जाणते.

आतां तेंच गाणें मोबाइलवर हजारों लोक ऐकतात. त्यांतला देणेकरी कोण? गाणें कितीहि वाजविलें तरी कमी होत नाहीं, मग फुकट ऐकण्यांत कोणाचें काय गेलें, असें पुष्कळ सज्जन विचारतात. परंतु गाणाराला जें द्यावयाचें तें त्या एका वाजविण्याचें मोल नव्हे. तो आवाज तयार होण्यास जीं वर्षें लागलीं, आणि पुढचें गाणें बसविण्यास जी फुरसत लागेल, त्यांचें तें मोल आहे.

आम्ही मध्यमवर्गीय याहून थोडें पुढें जातों व म्हणतों कीं, महिन्याची वर्गणी भरली, देणें फिटलें. बहुतेक गीतसेवांत सर्वांची वर्गणी एका राशींत पडते आणि एकंदर ऐकण्याच्या प्रमाणांत वांटली जाते. आमच्या घरीं महिनाभर एकाच गायिकेचें गाणें चाललें, तरी आमचा बहुतेक पैसा आम्हीं कधीं न ऐकलेल्या गाण्यांच्या धन्यांकडे जातो. स्पॉटिफायनें तर २०२४ पासून असा नियम केला कीं, मागील बारा महिन्यांत निदान १,००० वेळां न वाजलेल्या गाण्याला या राशींतून कांहींच मिळावयाचें नाहीं. लहान गांवच्या गायिकेचें गाणें बहुधा या उंबरठ्याबाहेरच राहावयाचें.

म्हणून थेट गाणाराकडूनच विकत घ्यावें हा मार्ग आम्हांस अधिक सरळ वाटतो. तो अगदींच नवाहि नाहीं. विष्णु दिगंबर १८९६ मध्यें मिरजेचा राजाश्रय सोडून निघाले आणि पुढें तिकीट लावून जाहीर जलसे करूं लागले. ऐकणारानें दाम मोजावें यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. २००३ मध्यें शुभा मुद्गल व अनीश प्रधान यांनीं कलावंतांचें संगीत इंटरनेटवरून विकण्यासाठीं ‘अंडरस्कोर रेकॉर्ड्‌स’ ही संस्था काढली. ‘बँडकॅम्प’नें २० मार्च २०२० रोजीं, महामारीनें जलसे बंद पडले असतां, एक दिवस विक्रींतील आपला वांटा सोडून दिला. अशा विक्रींत किंमत बहुधा गाणाराच सांगतो, आणि ती देणारा दाता ठरत नाहीं, गिऱ्हाईक ठरतो. दयेनें दिलेला पैसा दया आटली कीं थांबतो, शिवाय घेणाराला दीन दिसावें लागतें.

आतां अडचण राहिली ती धवलारणीची. तिचें इंटरनेटवर दुकान नाहीं. धवले परंपरेचे असल्यामुळें त्यांवर मालकी तरी कोणाची, असाहि प्रश्न निघतो. कायद्यानें मात्र १९९४ च्या दुरुस्तीपासून गाणाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे, मग गाणें कोणाचेंहि असो. पण लग्नाची चित्रफीत अनेकदां छायाचित्रकाराच्या नांवें प्रसिद्ध होते; गाणारीचें नांव खालीं नसतें. तेव्हां आवडलें तें गाणें कोणीं गाइलें याची चौकशी प्रथम केली पाहिजे. एकदां तिचा पत्ता लागला म्हणजे मोबाइलवरून थेट तिच्या खात्यांत पैसे पाठविणें हें दोन मिनिटांचें काम आहे. मागें सूर धरणाऱ्या बायांचा वांटा किती, तें तिलाच ठरवूं द्यावें.