उरलेला कोपरा

साइटच्या नकाशावर पहिली खूण टॉवर क्रेनची होते. एकदा पाया ओतला की क्रेन हलत नाही, आणि तिचा हात जितका लांब जाईल तितके कमी वजन तिला पेलते. म्हणून सळयांचे यार्ड तिच्या टप्प्यात. मग ट्रकला आत येऊन वळता येईल असा रस्ता, मग गोडाऊन, मग ऑफिस. मजूर राहतील कुठे, हे सर्वांत शेवटी. तोवर प्लॉटवर उरते ती कडेची जागा: सीमाभिंतीलगत, नाल्याकाठी, खोदाईच्या तोंडाशी.

ती दुसऱ्या कशालाच नको होती, म्हणून उरलेली असते.

सिमेंटला आपण किती जपतो! पोत्यांखाली फळ्या हव्यात. भिंतीची ओल लागू नये म्हणून थप्पी भिंतीपासून दोन फूट दूर हवी. हे शहाणपण आहे, ते असेच राहावे. पण त्याच साइटवर पत्र्याच्या खोल्या भिंतीला पाठ लावून उभ्या असतात. भिंत आयती मिळाली की एका बाजूचा पत्रा वाचतो.

२९ जून २०१९. पुण्यात कोंढव्याला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, पावसात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या साइटवरील मजुरांच्या खोल्यांवर कोसळली. १५ माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. बहुतेक जण बिहारहून आलेले. दोन-तीन दिवसांतच आंबेगावला दुसरी भिंत, दुसऱ्या खोल्या, आणखी ६ जण.

अशा वेळी चौकशी भिंतीची होते, आणि व्हायलाच हवी. पावसाने माती जड होते, भिंतीवर रेटा येतो. पायथ्याशी खोदलेले असेल तर आधार आधीच सुटलेला असतो. तरी भिंत का पडली हा एक प्रश्न, आणि ती पडली तेव्हा खाली माणसे का झोपली होती हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर पावसावर अवलंबून नाही. ते काम सुरू होण्याआधी, कोरड्या दिवसांत, पेन्सिलीने देता येते.

मांडणीचे एक गणितही आहे. दोन जागांमधले अंतर गुणिले त्यांच्यातल्या फेऱ्या, आणि सगळ्यांची बेरीज कमीत कमी. कूपमन्स आणि बेकमन यांनी १९५७ साली उद्योगांच्या जागा ठरवण्यासाठी ते मांडले. साइटलाही ते चपखल बसते. सळईची फेरी त्यात धरली जाते, कारण क्रेनच्या तासाला पैसे पडतात. रात्री शौचालयापर्यंत एकटी जाणाऱ्या बाईची फेरी धरली जात नाही. गणितात खोट नाही. तिला त्यात कुणी घातलेच नाही.

१९९६ च्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या बांधकाम कामगार कायद्याने मात्र तिला घातले होते. पिण्याचे पाणी शौचालयापासून ६ मीटरच्या आत नको. राहण्याची सोय फुकट, कामावर किंवा होता होईल तितकी जवळ. स्वयंपाकाला, आंघोळीला वेगळी जागा. ५० हून अधिक बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली, असे त्यात होते. मला यातला मीटर महत्त्वाचा वाटतो. दया नकाशावर काढता येत नाही, ६ मीटर काढता येतात.

त्यातला ५० चा आकडा मात्र मला पटला नाही. वीस बायकांची मुले वाळूच्या ढिगाशी का खेळावीत? मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत, गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर, मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले ते एका तंबूत. आजच्या कुठल्याही साइटवर तेवढी जागा निघते. मात्र ती सळया उतरण्याआधी राखावी लागते.

इमारत वर चढते तशी मोकळी जमीन आटते. खोल्या हलतात, कधी तळघरात, कधी नुकत्याच ओतलेल्या स्लॅबखाली. म्हणून एक नकाशा पुरत नाही. खोदाईचा वेगळा, जोत्यानंतरचा वेगळा, आणि प्रत्येकात माणसांची जागा आधी. ती उंच, कोरडी, क्रेनच्या हाताबाहेरची असावी; भिंतीपासून भिंतीच्या उंचीपेक्षा जास्त दूर असावी. प्लॉटवर तशी जागा नसेल तर बाहेर भाड्याने घ्यावी आणि ते भाडे निविदा भरतानाच धरावे.