अडाणी नायकाची गोष्ट

हेन्री पहिल्यांदा पुस्तक उघडतो तेव्हा पडद्यावर अक्षरांची नुसती सरमिसळ दिसते. अक्षरे ओळखीची, पण जागा बदललेल्या. शब्द लागतच नाहीत. खेळणारा कितीही शिकलेला असो, लोहाराच्या या पोराला वाचता येत नाही, म्हणून त्यालाही वाचता येत नाही. उझित्स गावच्या लेखनिकाकडे जाऊन धडे घ्यायचे, मग एकेक शब्द जागेवर येऊ लागतो. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओने २०१८ साली आणलेल्या ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ या गेमचे मर्म मला इथे सापडले.

काळ १४०३चा, मुलूख बोहेमियाचा. राजा चौथा वेन्सेस्लास कैदेत आहे आणि त्याचा सावत्र भाऊ, हंगेरीचा राजा सिगिसमुंड, राज्यात फौजा घुसवतो. स्कालित्स गाव जळते, हेन्रीचे आईबाप मारले जातात. गेममध्ये जादू नाही, राक्षस नाहीत. साझावा नदीकाठची गावे, मठ आणि गढ्या खऱ्या भूगोलाच्या आधाराने उभ्या केल्या आहेत. चित्रण देखणे आहेच. पण नुसत्या हुबेहूब भिंतींनी मध्ययुग कळत नाही. त्या काळात आपल्यासारख्या सामान्य माणसाला काय काय जमले नसते, हे अंगावर आले की ते कळू लागते.

लढाईच घ्या. सुरुवातीचा हेन्री तलवार उगारतो तीच अवघडून. दोनचार वार केले की दम संपतो, आणि दम संपला की पुढचा प्रत्येक घाव थेट जिवावर. दोघे चालून आले तर एकावर नजर ठेवेपर्यंत दुसरा पाठीशी पोचलेला असतो. जाड शिवणीच्या अंगरख्यावर कड्यांचे चिलखत, त्यावर पोलादी पत्रे, असे थर चढवले की जीव वाचण्याची शक्यता वाढते. पण शिरस्त्राणाची झडप पाडली की सगळे जग एका फटीपुरते उरते. कड्यांवर तलवारीची धार फारशी चालत नाही, तिथे गदा कामी येते. हे सारे हात मारून पाहिल्यावरच उमगते. म्हणून या गेममध्ये शस्त्रधारी माणूस समोर दिसला की आधी पळवाट शोधली जाते. इतर गेममध्ये डझनावारी माणसे कापत सुटणारा खेळाडू इथे माणसाच्या जिवाची किंमत करू लागतो. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

प्रगती जपून ठेवण्यासाठी एक खास मद्य प्यावे लागते किंवा झोपावे लागते. यावर बरीच टीका झाली. केलेल्या कृतीचे परिणाम भोगायला लावायचे, हा त्यामागचा हेतू मला पटतो. पण दिवसभर राबून रात्री तासभर खेळायला बसणाऱ्याला त्याची शिक्षा का? खेळ जपून बाहेर पडण्याची सोय नंतर दिली गेली, ते योग्यच झाले.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हेन्री लोहाराचा मुलगा. बापाच्या भट्टीतली तलवार कथेच्या केंद्रस्थानी आहे. तरी या पहिल्या भागात त्याला लोखंड घडवताच येत नाही. सहाणेच्या चाकावर धार लावायची, बस. लढण्याचे बारकावे इतक्या कसोशीने टिपणाऱ्यांनी, ज्या कष्टांवर तो समाज उभा होता ते मात्र देखाव्यापुरते ठेवले. शेतकरी शेतात दिसतो, पण नांगराला हात लावायची वेळ हेन्रीवर येत नाही. बायकांच्या वाट्याचे जगणे २०१९च्या जोडभागात टेरेसा या पात्राच्या रूपाने आले, म्हणजे मूळ कथेबाहेरच. सरदारांचे वैर तपशिलात आणि राबणारी माणसे पार्श्वभूमीला, ही निवड नकळत झाली असेल, पण इतिहास सांगण्याची ती जुनीच रीत आहे.

२०२५ साली आलेल्या दुसऱ्या भागात हेन्री अखेर ऐरणीपाशी उभा राहतो. भात्याने विस्तव फुलवायचा, लोखंड तापवायचे, ते थंड पडण्याआधी ठोके द्यायचे, उलटवायचे, पुन्हा तापवायचे. घाई केली तर माल हलका निघतो. लढाईला जो न्याय दिला होता तोच इथे कामाला मिळाला आहे. आता नांगर, जाते आणि चूल यांनाही तो मिळायला हवा.