चकव्यातली म्हातारी

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची चार वह्यांचे बाड घेऊन माझ्याकडे आली. ती गोंडपिपरीला शिक्षिका आहे. वर्धा आणि वैनगंगा या नद्या एकत्र येऊन प्राणहिता होण्याआधी जिथे एकमेकींकडे सरकत जातात, त्या बेचक्यातला हा चंद्रपूर जिल्ह्यातला तालुका. शाळा सुटल्यावरच्या लांबलचक संध्याकाळी तिने कादंबरी लिहिली होती, आणि तीही रहस्यकादंबरी! "मामा, वाचा आणि खरे काय ते सांगा. छान आहे म्हणू नका," असे बजावून ती आत मामीशी बोलायला गेली.

छान म्हणायचे नाही ही अट कठीण होती. कारण कादंबरी खरोखरच छान होती. चैत्रातल्या पहाटे मोहफुले वेचायला निघालेला एक तरुण झाडाखाली मरून पडलेला सापडतो. गाव म्हणते, वाघाने मारले. पण वाघाच्या पंजाचा ठसा कुठेच नाही. मग गाव म्हणते, हा साधा वाघ नव्हे, कुणीतरी सोडलेला आहे. पुजाऱ्याच्या अंगात येते आणि तो गावाच्या कडेला राहणाऱ्या एका विधवा म्हातारीचे नाव घेतो. नवा आलेला वनरक्षक मात्र मुकाट्याने चौकशी करीत राहतो. चौकशी करता करता मयताच्या बहिणीत त्याचा जीव गुंततो. शेवटी उघडकीस येते ते असे की, बोडीखालच्या धानाच्या बांध्यांसाठी सख्ख्या चुलत्यानेच पुतण्याचा काटा काढला होता, आणि पुजाऱ्याला पैसेही त्यानेच चारले होते. चुलता तुरुंगात जातो. दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर नाटक रंगते, आणि त्या गर्दीत वनरक्षक आणि ती मुलगी एकमेकांना शोधून काढतात.

मी वही मिटली ती तृप्त मनाने. लहानपणी बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके पाठ्यपुस्तकात लपवून वाचणाऱ्यांपैकी मी. खुनी सापडला, जोडपे जमले, की आमच्यासारख्यांचे पोट भरते. दिवा मालवून आडवा झालो, आणि अर्ध्या झोपेत एकाएकी मनात आले : त्या म्हातारीचे पुढे काय झाले?

उठून पुन्हा वह्या चाळल्या. सहाव्या प्रकरणात तिला घरातून ओढून काढतात, चिंचेला बांधतात, मारतात. वर्णन इतके जिवंत की अंगावर काटा यावा. त्यानंतर तिचे नाव नाही. ती मेली की जगली, कोणी तिला सोडवले, काही पत्ता नाही. लेखिका तिला विसरली होती, हे एक वेळ समजू शकते. पण मीही विसरलो होतो, आणि ते मला अधिक लागले.

सकाळी मी भाचीला हेच विचारले. ती हसली. "अहो मामा, ती म्हणजे नुसता चकवा! वाचकाला वाट चुकवायला एक पात्र लागतेच ना?"

चकवा हा शब्द तिने अगदी सहज वापरला. तिकडच्या रानात चकवा लागतो म्हणतात. ओळखीच्या वाटेवर माणूस रात्रभर फिरत राहतो आणि पहाटे पाहतो तो निघाला होता तिथेच. रहस्यकथेत वाचकाला असा चकवा लावण्यात गैर काहीच नाही. कॉनन डॉयलच्या बास्करव्हिलांच्या गोष्टीत खुनी माणूस घराण्यातल्या शापित कुत्र्याच्या दंतकथेआड लपतो, आणि १९०२ साली पुस्तकरूपाने आलेली ती गोष्ट लोक अजून वाचतात. दंतकथेच्या पदराखाली गुन्हा झाकणे ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. पण तिथे संशय कुत्र्यावर जातो. कुत्र्याला शेजारी नसतात, आणि त्याला दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी भरायला जायचे नसते.

दंतकथादंतकथांत फरक आहे, तो मला या निमित्ताने जाणवला. ताडोबाच्या तळ्याकाठी तारू नावाच्या गावप्रमुखाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना तो मेला आणि त्याचा देव झाला, असे सांगतात. एक भयंकर मरण लोकांनी पचवले, पण त्यासाठी कुणाकडे बोट दाखवले नाही. उलट ज्या रानात तो मेला त्या रानालाच त्याचे नाव मिळाले. याच चंद्रपुरात दुसरी कथा आहे ती गोंड राजा वीरशहाची. हिरामण नावाच्या सरदाराजवळ अद्भुत तलवार होती; राजाने ती दाखव म्हणून हट्ट धरला; त्या अपमानाने पेटून हिरामणाने राजाला ठार केले, अशी आख्यायिका. अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावरची ही गोष्ट. राजाच्या मागे राणी हिराईने दत्तक घेतलेल्या रामशहाच्या नावाने कारभार पाहिला, आणि नवऱ्याची देखणी समाधी बांधली. ती आजही चंद्रपुरात उभी आहे.

आता ही कथा रहस्यकादंबरीकाराच्या हाती द्या. तो पहिला प्रश्न विचारील : राजा मेल्याने लाभ कुणाचा झाला? आणि उत्तर तयारच आहे. राज्य राणीच्या हाती आले! मग ती समाधी पश्चात्तापाची ठरते, हिरामण तिचा प्रियकर ठरतो, आणि प्रेम, खून व दंतकथा यांचा फर्मास मसाला जमतो. पुरावा? पुराव्याला विचारतो कोण! मी मनातल्या मनात ही कादंबरी निम्मी रचली, आणि मग माझाच हात आखडला. तीनशे वर्षांपूर्वीच्या विधवेचे नाव मी घेतले होते, ते केवळ गोष्टीला एक नाव हवे म्हणून. पुजाऱ्याने दुसरे काय केले होते?

भाचीला हे पटेना. "मामा, कादंबरीत संशय घेतला तरी शेवटी निर्दोष माणूस सुटतोच की!" ती म्हणाली. बरोबर आहे, कादंबरीत सुटतो. पण २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिच्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात खांबांना बांधून मारले. त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या. त्या गावात शेवटचे प्रकरण कोणी लिहायचे? जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालीच झाला आहे. अमुक माणूस करणी करतो असे म्हणून त्याचे जगणे असह्य करणे हा त्याखाली गुन्हा आहे, आणि सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा मारणाऱ्याला पकडू शकतो. पण मार खाल्लेली बाई परत गावात येते, तेव्हा शेजारीण आपले मूल तिच्या नजरेआड करते. त्याला कोणते कलम लावणार?

यावर भाची बराच वेळ गप्प होती. मग जरा रागानेच म्हणाली, "मग मी काय लिहू? पुजारी, अंगात येणे, सोडलेला वाघ, हे सगळे गाळले तर ते माझे गावच राहत नाही. आणि शेवटी सगळ्या गावाने म्हातारीच्या पायावर डोके ठेवले असे लिहिले, तर ते खोटे होईल. माझ्या पाहण्यात कुणी कुणाची माफी मागितलेली नाही. खुनी कोण हे कळल्यावरसुद्धा लोक म्हणतात, पण तिच्यात काहीतरी होतेच."

हे मला सुचले नव्हते. चुलता पकडला गेला तरी म्हातारी सुटत नाही, असा याचा अर्थ! रहस्य उलगडणे आणि कलंक धुऊन निघणे ही दोन कामे मी आजवर एकच समजत आलो होतो. नुसते वाचनच करणाऱ्याची ही चूक असावी. तिथे राहणाऱ्याला ती परवडत नाही. भाचीचे म्हणणे ऐकल्यावर लोकसमजुती गाळा असे मी तिला सांगू शकलो नाही. एवढेच म्हणालो, की सहाव्या प्रकरणात तू तिला मारलेस ते आम्हांला शहारा यावा म्हणून. त्या शहाऱ्याचे देणे तुझ्याकडे निघते, आणि थोडे माझ्याकडेही. ते कसे फेडायचे ते तू पाहा. मी फार तर पुन्हा एकदा वाचीन.

वह्या घेऊन ती गेली. श्रावणात तिचे पत्र आले. नवे पान लिहिले होते, ते सोबत जोडले होते. पुढच्या चैत्रात पहाटे म्हातारी टोपली घेऊन मोहाखाली येते. आधीच आलेल्या बाया वेचायच्या थांबतात. कुणी बोलत नाही. लग्न होऊन त्याच गावात राहिलेली ती मुलगी जागची थोडी सरकते आणि झाडाखालचा एक वाफा मोकळा सोडते. म्हातारी त्या वाफ्यात बसत नाही. पलीकडे, उताराला, जिथे फुले कमी पडली आहेत तिथे जाऊन वेचू लागते.

खाली भाचीने विचारले होते, "तिने बसायला हवे होते का, मामा?" उत्तर लिहायला मी तीनदा बसलो. पत्र अजून टेबलावरच आहे.