संमतीचें मोल

मजुरानें स्वखुषीनें पत्करलेल्या कामाबद्दल मालकास दोष देणें कितपत योग्य, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा वाटतो. करार उभयतांच्या संमतीनें झाला. मग तेथें अन्याय कसला? परंतु ज्याला ‘नको’ म्हणण्याची सोयच नाहीं, त्याच्या होकाराचें मोल किती, याचा विचार आधीं व्हावयास हवा.

न्यूयॉर्कमधील शिवणकामाच्या कारखान्यांचा इतिहास या बाबतींत उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें पोलकीं शिवणाऱ्या बहुतेक मजुरणी रशियन साम्राज्यांतून व इटलींतून आलेल्या तरुण मुली होत्या. परका देश, परकी भाषा आणि पोटाची निकड, अशा स्थितींत त्यांनीं दिलेली संमति स्वतंत्र कशी म्हणावी? २२ नोव्हेंबर १९०९ रोजीं कूपर युनियनच्या सभागृहांत पुढाऱ्यांचीं भाषणें लांबत चाललीं असतां क्लारा लेमलिक या तेवीस वर्षांच्या मुलीनें उठून यिडिश भाषेंत सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. सुमारें २०,००० कामगार संपावर गेले; त्यांत स्त्रियाच बहुसंख्य होत्या.

फेब्रुवारी १९१० मध्यें संप मिटला. अनेक कारखान्यांनीं संघाशीं करार केले. ट्रँगल कारखान्याच्या मालकांनीं मजुरी वाढविली, कामाचे तासहि कमी केले. संघास मान्यता मात्र दिली नाहीं. प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. त्यांना पैसे देणें तितकें जड गेलें नाहीं. मजुरणींचा बोलण्याचा अधिकार मानणें जड गेलें.

२५ मार्च १९११ रोजीं त्या कारखान्यास आग लागली. नवव्या मजल्यावरील जिन्याचें एक दार कुलुपबंद होतें. १४६ जीव गेले. त्यांत १२३ स्त्रिया होत्या. दार बंद असल्याचें मालकांस त्या वेळीं ठाऊक होतें अशी ज्यूरीची खात्री पटली नाहीं, आणि ते निर्दोष सुटले.

संघ मान्य झाला असता तर हा अनर्थ टळलाच असता, असें ठामपणें म्हणतां येणार नाहीं. पण ‘दार उघडें ठेवा’ असें निर्भयपणें बजावणारें कोणी तरी तेथें असतें. वाढवून दिलेली मजुरी ही दयाच होती. आणि दात्याला जेवढें सुचेल तेवढेंच देणें, ही दयेची मर्यादा आहे. कुलूप खुपतें तें आंत कोंडलेल्याला. म्हणून किती दिलें एवढ्यावर न्याय ठरत नाहीं. घेणाऱ्यास बोलतां येतें कीं नाहीं, यावर तो ठरतो. एकट्यादुकट्या मुलीला तें बळ नव्हतें. वीस हजारांना होतें. संघटनेनें कराराचें पावित्र्य बिघडतें असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. नकार देण्याची शक्ति अंगीं आली, म्हणजेच होकाराला अर्थ येतो.