मुलाची वेदना : एक अमानत



संतती ही अल्लाहने आपल्या स्वाधीन केलेली अमानत आहे. तिच्या दीनी शिक्षणाप्रमाणेच तिच्या शरीराविषयीही आपणास जाब द्यावा लागणार आहे.

उरणमधील एखाद्या घराची कल्पना करा. तळलेली मासळी किंवा बिर्याणी खाल्ली की दहा-बारा वर्षांचे मूल उजव्या बरगडीखाली हात दाबून बसते, मळमळते म्हणून रडते. सोनोग्राफीत खडा दिसत नाही. लगेच निष्कर्ष निघतो, की हा मदरसा चुकविण्याचा बहाणा आहे. सूरह अल्-हुजुरातमध्ये अल्लाहने श्रद्धावंतांना पुष्कळशा संशयांपासून दूर राहण्याची ताकीद दिली आहे. ही ताकीद केवळ परक्यांपुरती आहे काय? आपल्या लेकरालाही तिचा लाभ मिळाला पाहिजे.

यकृताखालील पित्ताशय पित्त साठविते आणि स्निग्ध अन्न पोटात गेले की आकुंचन पावून ते आतड्यात सोडते. काही मुलांत हे आकुंचन प्रमाणाबाहेर जोराचे होते व खडा नसतानाही दुखू शकते. सोनोग्राफीत हे सहसा कळत नाही. त्यासाठी हायडा स्कॅन करतात. त्यात पित्त बाहेर टाकण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांहून अधिक आढळल्यास अनेक डॉक्टर पित्ताशय अतिक्रियाशील मानतात. मात्र असा आकडा निरोगी माणसातही आढळू शकतो. म्हणून केवळ त्यावरून शस्त्रक्रियेची घाई करू नये. बद्धकोष्ठ, आम्लपित्त यांसारखी इतर कारणे आधी तपासून घ्यावीत आणि मुलांच्या पोटविकारांच्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी पडले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या भेटीस गेले. त्यांच्या छातीवर आपला पवित्र हात ठेवला आणि सकीफ कबिल्यातील वैद्य हारिस बिन कलदा यांच्याकडे जाण्यास सांगितले, असे अबू दाऊदच्या हदीसमध्ये आले आहे. ज्यांची दुआ स्वीकारली जात असे, त्यांनीच वैद्याचा पत्ता दिला! मग दम केलेले पाणी पाजून आपले कर्तव्य संपले, असे आपण कसे मानावे? दुआ अवश्य करा, परंतु तिला उपचार टाळण्याची सबब बनवू नका.

प्रथम गावातील डॉक्टरांना किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. दुखणे कधी व काय खाल्ल्यावर उठते, याची वही ठेवा. पुढील तपासणीसाठी मुंबई आता दूर राहिलेली नाही. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. जानेवारी २०२४ पासून उरणला लोकलही येते आणि अटल सेतूही खुला झाला आहे. परंतु ताप, डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी, न थांबणारी उलटी किंवा असह्य वेदना दिसल्यास क्षणभरही थांबू नका.

शिफा देणारा अल्लाहच आहे. औषध हे त्यानेच निर्माण केलेले साधन आहे. तो आपल्या लेकरांना आरोग्य देवो आणि त्यांचे ऐकून घेण्याची आपणास सुबुद्धी देवो. आमीन.