खोडीच्या आधीचा वर्ग

२०२५च्या नोव्हेंबरात दोन शाळकरी मुली गेल्या. महिन्याच्या पहिल्याच तारखेला जयपूरच्या एका नावाजलेल्या शाळेत चौथीतल्या नऊ वर्षांच्या मुलीने जीव गमावला. वर्गातली मुलं तिला त्रास देतात, अशा तक्रारी आईवडिलांनी आधी केल्या होत्या आणि त्या दिवशीही ती मदतीसाठी वर्गशिक्षिकेकडे गेली होती, असं सीबीएसईच्या चौकशीत पुढे आलं. त्यानंतर पंधरवड्यातच वसईची सहावीतली मुलगी वारली. शाळेत उशिरा आली म्हणून तिला दप्तर पाठीवर घेऊन शंभर उठाबशा काढायला लावल्या, असा घरच्यांचा आरोप आहे. एका ठिकाणी शिक्षा, दुसऱ्या ठिकाणी दुर्लक्ष. मला ही दोन टोकं वाटत नाहीत. मुलाकडे न बघता वर्ग चालवता येतो, या एकाच समजुतीतून दोन्ही येतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आता मुलांना काही बोलायचीसुद्धा सोय राहिली नाही.’ या वाक्याला नाकं मुरडणं सोपं आहे, पण त्यात खरी अडचण आहे. छडी काढून घेतली आणि तिच्या जागी काय, ते शिकवलं नाही. मग छडीची जागा मॉनिटरने घेतली. बाई बाहेर गेल्या की फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं, पुन्हा बोलला की नावापुढे फुली. त्या यादीत वर्षभर तीच पाच-सहा नावं असतात. वर्गाला ती पाठ होतात, आणि त्या मुलांनाही आपण कोण आहोत ते फळ्यावरूनच कळतं.

जेकब कौनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची आठवण इथे येते. त्याच्या तासाला एक विद्यार्थी वर्तमानपत्र वाचत बसला होता. कौनिनने त्याला झापलं, आणि गप्प झाले ते ज्यांना तो काहीच बोलला नव्हता ते बाकीचे. त्या कुतूहलातून त्याने शाळांच्या वर्गांचं चित्रीकरण करून वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९७०मध्ये त्यावरचं त्याचं पुस्तक आलं. खोडी झाल्यावर चांगले शिक्षक काय वेगळं करतात, हे तो शोधत होता. काही सापडलं नाही. कोण रागावतं, कोण समजावतं, कोण नुसतं बघतं, यावरून वर्ग शांत राहतो की नाही हे सांगता येत नव्हतं. फरक होता तो खोडीच्या आधी. ज्यांचे वर्ग नीट चालत, त्यांचं सगळीकडे लक्ष असे, एका मुलाशी बोलतानाही दुसऱ्या कोपऱ्यातलं त्यांना कळे, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मुलं रिकामी बसत नसत.

आपल्याकडच्या वर्गात हे ताडून बघावं. चाळीस मुलं, बाई टेबलापाशी वह्या तपासताहेत. वह्या घेऊन मुलांची रांग. रांगेत उभ्या असलेल्यांना काम नाही, तपासून झालेल्यांना काम नाही, आणि ज्यांना गणित आलेलंच नाही त्यांना तर तास सुरू झाल्यापासून काम नाही. अशा वेळी सात वर्षांचा मुलगा पुढच्या मुलीची वेणी ओढतो. आपण त्याला व्रात्य म्हणतो. तो कंटाळलेला असतो, किंवा आपल्याला येत नाही हे झाकत असतो. ‘मला येत नाही’ म्हणण्यापेक्षा दंगेखोर ठरणं मुलांना परवडतं, कारण दंगेखोराला वर्गात थोडी तरी पत असते.

जयपूरला हे फार आधी ओळखलेली माणसं होती. रोहित धनकर आणि रीना दास यांनी १९७८मध्ये तिथे ‘दिगंतर’ ही शाळा सुरू केली. त्यामागे डेव्हिड हॉर्सबरो यांची प्रेरणा होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून भारतात आलेल्या या माणसाने १९७२मध्ये कर्नाटकात कोलार जिल्ह्यात ‘नीलबाग’ शाळा काढली होती. पुढे दिगंतरच्या शाळा जगतपुऱ्याकडच्या गावांत, साध्या कष्टकरी घरांतल्या मुलांसाठी उभ्या राहिल्या. तिथे इयत्ता नाहीत, गट आहेत. मूल आपल्या गतीने पुढे जातं. परीक्षा नाही, पहिला नंबर नाही, बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही.

यातला शेवटचा शब्द तेवढा आपण ऐकतो आणि म्हणतो, शिक्षा नाही तर शिस्त कशी? पण शिक्षा एकटी काढलेली नाही. ज्या व्यवस्थेमुळे शिक्षेची गरज भासते, ती सगळीच उलगडून पुन्हा विणली आहे. सगळ्यांनी एकाच वेळी एकाच पानावर असायचं नसेल, तर मागे पडलेला आणि पुढे गेलेला हे दोघे नेहमीचे खोडकर उरत नाहीत. पहिला नंबर नसेल, तर शेवटचा नंबरही नसतो. नुसती छडी काढून बाकी सगळं तसंच ठेवलं, की काय होतं ते आपण पंधरा वर्षं पाहतो आहोत.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून महाराष्ट्रात आल्या. १९४५मध्ये त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७मध्ये ते कोसबाडला गेलं. वारली जमातीतली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना बोल लावला नाही. शाळा कुरणावर नेली, ती कुरणशाळा. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५मध्ये ‘सृजन आनंद’ ही शाळा काढली, तीही याच वाटेने. मूल बसत नसेल तर बैठक तपासावी, हा विचार आपल्याच मातीतला आहे.

खोडीची वर्गाबाहेरची कारणंही असतात. फळा नीट दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारं मूल आपल्याला कॉपी करणारं वाटतं. उपाशी मूल चुळबुळ करतं. अन्नाच्या हक्कासाठी २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेली याचिका राजस्थानातूनच, ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ (पीयूसीएल) या संघटनेने केली होती. न्यायालयाच्या आदेशानंतर राजस्थानच्या शाळांत सुरुवातीला घूघरी, म्हणजे गूळ घालून शिजवलेले गहू, मिळू लागली. शिस्तीच्या प्रशिक्षणात या घूघरीचा उल्लेख कुणी करत नाही. करायला हवा.

आता अवघड भागाकडे येतो. समजून घ्यायचं म्हणजे चालवून घ्यायचं नव्हे. मुलं मुलांशी क्रूर वागतात. टोपणनावं पाडतात, एखादीला डब्यापाशी बसू देत नाहीत, जात काढतात, रंग काढतात. इथे शिक्षकाने ‘मुलं आहेत, भांडतील आणि एक होतील’ म्हणणं हा गुन्हा आहे. हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. जो मोठ्याने दंगा करतो तो शिक्षकाला अडवतो, म्हणून तो लगेच दिसतो. ज्याला गुपचूप छळलं जातं तो शिक्षकाला अडवत नाही, म्हणून दिसत नाही. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, असं मुख्याध्यापक आणि पालक दोघंही मानतात, तोवर हे असंच राहील. वर्गात काही मुलं घाबरून गप्प असतील, तर ती शांतता बेशिस्तीहून वाईट आहे.

अशा वेळी त्रास देणाऱ्या मुलाला थांबवावंच लागतं, ठामपणे आणि त्याच क्षणी. चारचौघांत पाणउतारा न करताही हे जमतं. मग त्याच्याशी वेगळं बोलावं लागतं. रुडॉल्फ ड्रायकर्स या मनोविकारतज्ज्ञाची मांडणी इथे कामाला येते. मूल लक्ष वेधायला, सत्ता गाजवायला, सूड घ्यायला किंवा आपण नालायकच आहोत असं धरून स्वतःला सोडून दिल्यामुळे वाकडं वागतं, असं तो म्हणत असे. चारांपैकी कोणतं, ते ओळखायची सोपी खूण म्हणजे आपल्याला काय वाटतं ते पाहणं. नुसता वैताग आला, तर बहुधा त्याला लक्ष हवं आहे. ‘याला दाखवतोच’ असं वाटलं, तर तो सत्तेचा खेळ आहे आणि आपण त्यात ओढले गेलो आहोत. मन दुखावलं गेलं, तर आधी त्याचं कुणीतरी दुखावलं असावं. आणि ‘याचं काही होणार नाही’ असं आपल्याला वाटू लागलं, तर तेच त्यालाही वाटतं आहे.

हे सगळं एकट्या शिक्षकावर ढकलणं मात्र अन्यायाचं आहे. प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हे कायद्यातलं प्रमाण आहे. पण दोन शिक्षकांवर चार इयत्ता आणि वर सरकारी माहिती भरायची कामं, हे लहान गावांतल्या शाळांचं वास्तव आहे. साठ मुलांकडे एकाच वेळी बघता येत नाही. महाराष्ट्रात केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटासाठी, शिक्षकांच्या शिक्षण परिषदा होतात, त्यांत परिपत्रकं वाचली जातात. त्यातला एक तास दर वेळी एका मुलासाठी ठेवावा. नाव न घेता एका शिक्षकाने सांगावं: हा मुलगा असं वागतो, कधी वागतो, त्याआधी वर्गात काय चाललेलं असतं, मी काय करून पाहिलं. बाकीच्यांनी उपदेश न करता प्रश्न विचारावेत, आणि पुढच्या परिषदेत त्याच मुलाचं काय झालं, इथून सुरुवात व्हावी. याला नवा निधी लागत नाही, शासन निर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही. केंद्रप्रमुखाने मनावर घेतलं, तर येत्या परिषदेपासूनच हे सुरू होऊ शकतं.